पळणारे आणि ओढणारे

अमरावती ते अकोला हे अंतर शंभरेक किलोमीटरचं. दोन्ही शहरं कापसावर वाढली, दोन्ही शहरांनी सभा गाजवणारे वक्ते पाहिले आणि पदरमोड करून संस्था उभ्या करणारी माणसंही पाहिली. आज दोन्ही शहरांच्या चौकांत सर्वांत मोठी जागा फलकांवरच्या चेहऱ्यांनी व्यापली आहे. लोक कोणाकडे बघतात, कोणाच्या मागे जातात आणि का जातात, हा प्रश्न म्हणून इथे रोजच्या जगण्याचा झाला आहे.

तो प्रश्न एका घरातल्या दोघांनी आपापल्या बाजूने लढवला. मामा अकोल्याच्या जुन्या शहरातले. आयुष्य कापसाच्या आडतीत गेलं, घरी एके काळी पटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, जोडी होती. भाची अमरावतीच्या महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. मामांना शर्यत, गर्दी, नट-नट्या या सगळ्याचं मनापासून आकर्षण. भाचीला त्या सगळ्याविषयी तितकीच मनापासून शंका. दोघांचं म्हणणं त्यांच्याच बोलीत मांडत आहे, कारण दोघांच्याही बाजूला वजन आहे.

घोड्याले मुभा, बैलाले बंदी

भाची: मामा, यंदाही तळेगाव दशासरच्या शंकरपटाला गेला होतात म्हणे. काय मिळतं तुम्हाला त्या धुळीत तासन् तास उभं राहून?

मामा: पोरी, तू एकदा तथी उभी राह्य, मंग बोल. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूनं मानसंच मानसं अन् मधात मोकयी पट्टी. जोडी सुटली का श्वास धरूनच राहा लागते. काही सेकंदाईत खेय खतम. घड्याय सेकंदाचे तुकडे पाडून वेय सांगते. तथी कोनाची वशिलेबाजी चालत नाई. बैलाले मालकाचं आडनाव ठाऊक नाई, जात ठाऊक नाई, पक्ष ठाऊक नाई. अन् तळेगावात आता बाया बी धुरकरी म्हनून छकड्यावर बसतात. सांग मले, आपल्या शहरात इतका साफ निकाल दुसऱ्या कोन्या जागी लागते?

भाची: निकाल साफ असतो, हे मान्य. पण तो सांगतो काय? कोणती जोडी काही सेकंदांत जास्त पळाली, एवढंच. त्या बैलाने वर्षभर डवरा ओढला का, त्याच्या जोरावर कोणाचं वावर पिकलं का, हे घड्याळ सांगत नाही. पटाचा बैल आता डवऱ्याला जुंपतात तरी कुठे? त्याचा खुराक वेगळा, गोठा वेगळा, किंमत वेगळी. ओढणारा बैल ट्रॅक्टरने हटवला आणि पळणारा तेवढा आपण जपला. माणसांच्या बाबतीतही आपण हेच करत चाललो आहोत, अशी मला भीती वाटते.

मामा: मानसाचं मंग पाहू. आधी बैलाचं बोल. 7 मे 2014 ले सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला अन् आमचे पट बंद झाले. सात वर्षं बंद! राज्यानं 2017 मधी कायदा बदलला, तो बी अडकला. 16 डिसेंबर 2021 ले परवानगी भेटली, अन् 18 मे 2023 ले पाच न्यायाधीशाईच्या घटनापीठानं तो कायदा कायम ठेवला. इतके वर्षं कास्तकाराचा बैल आरोपी म्हनून उभा होता. अन् त्याच वेयी मुंबईत महालक्ष्मीले घोडे पयतच होते. तथी पैसे लावनं बी कायद्यात बसते! श्रीमंताचा घोडा पयला तर त्याले कौशल्य म्हनतात, कास्तकाराचा बैल पयला तर त्याले क्रूरता म्हनतात. हा न्याय कोन्या तराजूतला?

भाची: तुमचा राग मला समजतो आणि त्यातला भेदभावाचा मुद्दा खरा आहे. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ मानलं, म्हणून तिथली पैज जुगारात धरली जात नाही. 2014 च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की बैलाच्या शरीराची ठेवणच शर्यतीसाठी नाही, त्याला पळवायचं तर दुखवावं लागतं. पराणी, चाबूक, विजेचे झटके, शेपटी पिळणं हे प्रकार होत होते की नाही, तुम्हीच सांगा.

मामा: होत होते. खोटं कायले बोलू? पन आता नियम हायेत. जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते, पराणी-चाबूक चालत नाई, डॉक्टर जनावर तपासते. बंदीनं बैलाचं भलं झालं नसतं. ज्या बैलाले काम नाई अन् पट बी नाई, त्याले बाजाराचा रस्ता धरा लागते. देशी खोंड कास्तकारानं पोसावा, याले काहीतरी कारन पाह्यजे ना?

भाची: नियम कागदावर आहेत, ते मैदानात पाळले जातात का हे बघणाऱ्याचं धैर्य हवं. हजारो लोक ओरडत असताना एखाद्याने पुढे होऊन ‘ही जोडी बाद करा, पराणी लावली’ असं म्हणणं सोपं नसतं. आणि घोड्याच्या शर्यतीला मी काही पवित्र मानत नाही. तिथला घोडाही चाबकाखालीच पळतो. महालक्ष्मीचं मैदान 1883 पासूनचं. सव्वादोनशे एकरांच्या आसपास मोकळी जागा, तीही जिथे मुलांना खेळायला अंगण नाही अशा शहरात. 1943 मध्ये पहिली इंडियन डर्बी झाली. बडोद्याच्या महाराजांची घोडी जिंकली. राजेरजवाडे गेले, उद्योगपती आले, सिनेमाची माणसं आली, टोप्या आणि पोशाख यांचे फोटो छापले जाऊ लागले. 2024 मध्ये त्यातली 120 एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी घ्यायचं ठरलं, तेव्हा कुठे त्या मैदानाच्या बाहेरच्या माणसाचा विचार झाला. शर्यत कोणाची, मैदान कोणाचं आणि कुंपणाबाहेर कोण उभं आहे, हे प्रश्न बैलाच्या पटालाही लागू आहेत.

मामा: पटाले कुंपन नसते, बाई. तोच तर फरक. तथी मजूर अन् मालक एकाच धुयीत उभे राहतात.

भाची: आता तेही बदलतं आहे. पश्चिम महाराष्ट्रातला ‘बकासूर’ हा बैल माणसांपेक्षा प्रसिद्ध झाला. लोक त्याच्यासोबत फोटो काढायला रांग लावतात, मोबाइलवर त्याची धाव पुन्हा पुन्हा बघतात. आपल्याकडेही पटाच्या फलकावर बैलाच्या बाजूला पुढाऱ्याचा चेहरा असतोच. बैलाला आपली कीर्ती कळत नाही. ती कीर्ती कोण वापरून घेतं, हे आपल्याला कळायला हवं.

चौकातले चेहरे

मामा: हे मी मान्य करतो. पन लोकाईले चेहरा लागते, पोरी. अमूर्त गोष्टीच्या मांगं कोनी चालत नाई. दिवसभर दुकानात, आडतीत, हमालीत राबलेल्या मानसाले संध्याकायी डोये भरून पाहाले काही लागते. दहीहंडीले मुंबईहून नट आला तर गर्दी होते. त्या गर्दीले तू हलकं काऊन समजतं? शहरात राहनारा मानूस एकटा असते. त्या एका घटकेले तो एकटा नसते.

भाची: गर्दीला मी हलकं समजत नाही. त्या गर्दीच्या जोरावर जे उभं केलं जातं, त्याबद्दल बोलते आहे. राजकमल चौकात उभं राहून वर बघा. वाढदिवसाचे फलक, निवडीबद्दल अभिनंदनाचे फलक, ‘भावी’ नगरसेवकांचे फलक. मुंबई उच्च न्यायालयाने बेकायदा फलकांवर वारंवार आदेश दिले आहेत. आता दुसरी गोष्ट ऐका. अमरावती आणि अकोला, दोन्ही महापालिकांची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली. त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ निवडणूक झालीच नाही, कारभार प्रशासकाकडे राहिला. म्हणजे त्या काळात तुमच्या प्रभागात लोकांनी निवडून दिलेला एकही नगरसेवक अधिकारावर नव्हता. पण चौकातले चेहरे कमी झाले का? एकही नाही. नाली तुंबली तर जबाबदार कोण, हे विचारायला माणूस नव्हता, आणि शुभेच्छा द्यायला मात्र पन्नास होते. प्रसिद्धी आणि जबाबदारी यांची फारकत झाली की काय होतं, ते आपण दोन्ही शहरांत उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

मामा: ते खरं हाये. निवडनूक नाई म्हनून कोन्या चौकात मोठी बोंब झाली, असं बी मले आठवत नाई. तो आपला सगयाईचाच दोष. पन लोकं चेहऱ्याले भुलतात अन् तथीच थांबतात, असं मी मानत नाई. तुमच्याच अमरावतीचं पाह्य. 2019 मधी नवनीत राणा अपक्ष उभ्या राह्यल्या, निवडून आल्या. त्या आधी सिनेमात होत्या. 2024 मधी भाजपकडून लढल्या अन् बळवंत वानखडे यायनं त्याईले 19,731 मतानं हरवलं. वानखडे तवा दर्यापूरचे आमदार होते, कोन्या पडद्यावर कधी दिसले नाई. लोकाईनं दिलं बी अन् काढून बी घेतलं. मतदार पाहते, पन तोलते बी.

भाची: मतदार तोलतो, यावर माझा विश्वास आहे, नाहीतर मी हा विषय शिकवला नसता. सिनेमातून येणं हा दोष नाही, तसंच शेतातून येणं हा आपोआप गुण ठरत नाही. दोघांनाही एकच प्रश्न विचारायला हवा, की तुमच्या येण्याने लोक जास्त जबाबदार झाले की जास्त प्रेक्षक झाले? निवडणुकीत तोलणं पाच वर्षांतून एकदा होतं. मधल्या काळात आपण फक्त बघत बसलो, तर तोलायचं काय ते वजनच आपल्या हाती राहत नाही.

मामा: मंग मी तुले नटाचंच उदाहरन देतो. आमिर खानच्या पानी फाउंडेशननं 2016 मधी वॉटर कप सुरू केला. पहिल्या वर्षी राज्यातले तीनच तालुके घेतले. त्यातला एक आपला वरूड, अमरावती जिल्ह्यातला. संत्र्याचा मुलूख, बोअर खोल खोल चाललेले. तथी शर्यत लावली गावागावाईची, कोन जास्त पानी अडवते याची. पुढच्या वर्षाईत आमच्या अकोल्याकडले तालुके बी उतरले. एप्रिल-मेच्या उन्हात बाया-मानसं कुदय-फावडे घेऊन निघाले. आता सांग, त्यात नट होता का नाई? शर्यत होती का नाई? अन् नेतृत्व होतं का नाई?

भाची: तिन्ही होतं. तुमचं हे उदाहरण सर्वांत भक्कम आहे आणि मी ते टाळणार नाही. पण त्यात काय घडलं ते नीट बघा. नटाने हाक दिली आणि कुदळ गावाच्या हातात राहिली. आधी गावातल्या निवडक माणसांना प्रशिक्षण दिलं. त्यात बायाही होत्या. माथा ते पायथा काम कसं करायचं, बांध कसा आखायचा हे गावच शिकलं. तिथे प्रेक्षकाला प्रेक्षक राहूच दिलं नाही. दहीहंडीला आलेला नट परत गेला की चौकात कचरा उरतो. वॉटर कपचा कॅमेरा परत गेला तेव्हा शिवारात चर उरले, आणि ते कसे खोदायचे हे ठाऊक असलेली माणसं उरली. प्रसिद्धी दोन्हीकडे होती. उरलं काय, त्यात फरक पडला.

मामा: म्हनजे शर्यत वाईट नाई, हे तू मानलं.

भाची: शर्यत हाक देण्यापुरती चांगली. 2000 साली संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हाही बक्षिसासाठी गावं झाडली गेली, तीही शर्यतच होती. बक्षिसानंतर ज्या गावांनी खराटा हातातून सोडला नाही, तीच गावं खरी जिंकली.

हाक आणि दुसरा दिवस

मामा: गाडगेबाबाचं नाव घेतलं म्हनून सांगतो. बाबा तुमच्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्याईच्या कीर्तनाले जेवढी गर्दी होये, तेवढी कोन्या नटाले होनार नाई. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगं, हातात खराटा. सगयं लोकाईच्या नजरेत भरनारं. मोझरीच्या तुकडोजी महाराजाची खंजिरी तशीच. वाजली का गाव गोया होये. अन् पंजाबरावाईचं पाह्य. देशाचे कृषिमंत्री असताना 1959 मधी दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं, त्याच्या मांगं तेच होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर आले तथी. म्हनजे आपल्या मोठ्या मानसाईले बी गर्दी जमवता येत होती. गर्दीले नावं ठेवून नेतृत्व होत नाई.

भाची: बरोबर. आता त्यांनी गर्दीचं काय केलं, ते बघू. गाडगेबाबा गावात शिरले की आधी झाडायला लागायचे, कीर्तन रात्री. म्हणजे दिवसभर गावाने त्यांना काम करताना पाहिलेलं असायचं. कीर्तनात ते बोलायचे कमी आणि समोरच्यांना प्रश्न जास्त विचारायचे. उत्तर गर्दीला द्यावं लागायचं. लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई इथे धर्मशाळा झाल्या. त्यांनी त्या घरच्यांच्या नावावर केल्या नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. 20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ ते गेले, तेव्हा मागे स्वतःची मालमत्ता नव्हती. धर्मशाळा होत्या, शाळा होत्या, विश्वस्त होते.

पंजाबरावांचंही तेच. 1927 मध्ये अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न पेटला, बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातली परिषद इथे भरली. पंजाबराव त्या लढ्याच्या बाजूने उभे राहिले. त्या काळी इथल्या प्रतिष्ठितांना ते रुचणारं नव्हतं. पुढे जिल्हा कौन्सिलात त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्य मानलेल्यांना खुल्या करण्याचा निर्णय घेतला. टाळ्या मिळतील असं ते काम नव्हतं, मामा. आणि 1932 मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. कास्तकाराची कित्येक पोरं तिथे शिकली, आजही शिकतात. त्यांतल्या किती जणांनी पंजाबरावांचा फोटो नीट पाहिला असेल? पण त्यांच्या हातातल्या पदवीत पंजाबराव आहेत.

मामा: नटाची अन् नेत्याची परीक्षा वेगयी असते, असं तुले म्हनायचं हाये.

भाची: हो. नटाची परीक्षा त्याच संध्याकाळी होते, बैलाची त्याच मिनिटात होते. नेत्याची परीक्षा तो समोर नसताना होते. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ बघा. 1914 मध्ये वैद्य बंधूंनी ते सुरू केलं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथल्या पथकाने तिकडे जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. ते त्या काळचं केवढं तरी मोठं प्रदर्शन होतं. पण त्या प्रदर्शनाआधी बावीस वर्षं रोजची सकाळ होती आणि नंतरही रोजची सकाळ राहिली. शंभर वर्षं उलटून गेली, तरी मुलं तिथे मल्लखांबावर चढतात. बर्लिनचा दिवस त्या रोजच्या सकाळीतून आला, म्हणून तो पोकळ ठरला नाही.

मामा: मंग आपल्या रस्त्याचं काय म्हनशीन? जून 2022 मधी अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचा एक पदर डांबरी रस्ता 105 तास 33 मिनिटात टाकला. गिनीज बुकात नाव गेलं. त्या आधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा होता. सातशेच्या वर मानसं रात्रंदिवस राबले. तो तर बर्लिनसारखाच दिवस झाला ना?

भाची: राबणाऱ्या त्या माणसांना माझा नमस्कार. जूनच्या उकाड्यात गरम डांबरावर चार दिवस उभं राहणं काय असतं, ते मला कल्पनेनेही पुरतं कळणार नाही. पण त्याच रस्त्याची त्याआधीची कित्येक वर्षं आठवा. खणून अर्धवट टाकलेला, खड्ड्यांनी भरलेला, रुग्णवाहिकेला वेळेत पोचू न देणारा रस्ता. विक्रमाच्या घड्याळात 105 तास मोजले गेले. थांबलेली वर्षं मोजायला तिथे घड्याळ नव्हतं. चांगल्या कारभारात असा विक्रम करायची वेळच कमी येते, कारण काम वेळच्या वेळी होत राहतं, आणि वेळच्या वेळी झालेल्या कामाचा फलक कोणी लावत नाही. नागरिक म्हणून आपण त्या कामाला दाद द्यायला शिकलो नाही, तर ते करणारी माणसं पुढे यायची कशी?

अकोल्याचे खांदे

मामा: आता मी तुले अकोल्याची गोष्ट सांगतो. त्यात ना नट हाये, ना शर्यत. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराची कावड. पोरं गांधीग्रामले पूर्णेवर जातात, भरने भरतात, अन् अठरा किलोमीटर अनवानी चालत येतात. एकेका मंडळाच्या कावडीले शेकड्यानं गाडगे बांधलेले. खांदे सोलून निघतात. दुष्कायात सुरू झालेली ही प्रथा, पाऊन शतकाच्या वर झालं, तुटली नाई. हमालाचा पोरगा अन् शेठजीचा पोरगा एकाच कावडीखाली. अख्खं शहर रस्त्यावर असते, पानी पाजते, खाऊ घालते. कोनी म्हनते का, का शहरात मानसं एकमेकाईले ओयखत नाईत? त्यायनं त्या रात्री अकोल्यात यावं.

भाची: मी ती कावड पाहिली आहे, मामा, आणि त्यापुढे माझे सगळे सिद्धांत लहान वाटतात. तिथे बघणारे कमी आणि खांदा देणारे जास्त. म्हणूनच पुढचा प्रश्न विचारताना मला त्रास होतो. ज्या शहराचे खांदे अठरा किलोमीटर पाणी वाहून आणू शकतात, त्या शहराच्या मधोमध वाहणारी मोर्णा अशी का? 2018 च्या जानेवारीत मोर्णा स्वच्छता मोहीम झाली. जिल्हाधिकाऱ्यांनी हाक दिली, हजारो लोक नदीत उतरले, हातांनी जलपर्णी काढली. पंतप्रधानांनी त्या महिन्याच्या ‘मन की बात’मध्ये अकोल्याचं कौतुक केलं. त्याहून मोठी प्रसिद्धी कोणत्या शहराला मिळणार? आणि नंतर? सांडपाण्याच्या नाल्या नदीत येतच राहिल्या, जलपर्णी परत आली.

मामा: मी उतरलो होतो त्या नदीत. जुन्या शहराच्या कडेनं. हे हात होते त्या जलपर्णीत. अन् ती पुन्हा आली तवा मले वाटलं का आपल्याले कोनी फसवलं.

भाची: तुम्हाला कोणी फसवलं नाही. तुम्ही केलेलं काम खरं होतं. पण जलपर्णी हे लक्षण आहे, आजार सांडपाण्याचा आहे. जलपर्णी हातांनी निघते, फोटोत दिसते, एका सकाळीत ढीग होतो. सांडपाण्याची नलिका जमिनीखालून जाते, शुद्धीकरण केंद्राचं वीजबिल दर महिन्याला भरावं लागतं, घराघराची जोडणी तपासावी लागते. त्यात कोणाचाच फोटो निघत नाही. त्या दिवशी अकोल्याकडे खांदे होते, हाक होती, कौतुकही होतं. दुसऱ्या दिवशीची कामं वाटून देणारी, आणि ती झाली का हे दर महिन्याला चारचौघांत विचारणारी रचना नव्हती.

मामा: अन् कावडीकडे ती हाये. वर्षभर मंडळाची बैठक होते, वर्गणी होते, दोर-बांबू कोन आननार हे ठरते, कोनाचा खांदा कवा बदलायचा हे बी ठरते. लोकाईले फक्त एक रात्र दिसते.

भाची: हेच मला इतका वेळ सांगायचं होतं आणि ते तुम्ही माझ्यापेक्षा नेमकं सांगितलंत. नेतृत्व म्हणजे त्या दिसणाऱ्या रात्रीमागचं न दिसणारं वर्ष. आपल्या लोकांत भक्ती आहे, ताकद आहे, वेळ द्यायची तयारी आहे. कमी आहे ती या ताकदीला नालीपर्यंत, शाळेपर्यंत, दवाखान्यापर्यंत नेणाऱ्या माणसांची. आणि तशी माणसं आपण शोधत नाही, कारण आपली नजर फलकाच्या उंचीवर अडकलेली आहे.

मामा: तुझं म्हननं मी घेतो, पन माझं बी एक घे. हाक देनारा पाह्यजेच. कोरड्या बैठकीले चार मानसं येतात, त्यातले दोघं चहासाठी. खंजिरी वाजली पाह्यजे, खराटा दिसला पाह्यजे, जोडी सुटली पाह्यजे. तुमचे शिकलेले लोकं हाक द्याले लाजतात, म्हनून ती जागा दुसरे घेतात. मंग तुमी तक्रार करता का गर्दी चुकीच्या मांगं गेली.

भाची: हे मी मान्य करते, मामा, पूर्ण मान्य करते. चांगलं काम गुपचूप करत राहिलं की लोक आपोआप येतील, हा आमचा गोड समज आहे. पंजाबराव, गाडगेबाबा, तुकडोजी महाराज यांच्यापैकी कोणीही तसं मानलं नाही. लोकांत जाऊन, त्यांच्या भाषेत, त्यांना आवडेल अशा रीतीने हाक देणं हेही श्रमाचंच काम आहे आणि आम्ही ते सोडून दिलं.

मामा: बैलाच्या बाबतीत मात्र मी हटनार नाई. थंडीत पट पाहाले मी जाईनच.

भाची: आणि मी शर्यतीच्या नियमांची प्रत घेऊन तुमच्या शेजारी उभी राहीन. जोडीला पराणी लागली तर तुम्ही सगळ्यांसमोर बोलायचं. तुमच्या बोलण्याला तिथे मान आहे, माझ्या नाही.

मामा: बोलीन. शब्द दिला. पन शहराचं काय? दोन्ही शहराईत आपन काय कराचं ते सांग. नाईतर हे बी नुसतं बोलनंच झालं.

भाची: महापालिकेच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आहे. गावाला जशी ग्रामसभा, तशी शहरातल्या मतदारांना आपल्या भागाच्या कामांवर बोलायची जागा. आपल्यापैकी किती जणांनी ती पाहिली? आपण ती मागायची. ती भरली की तीनच प्रश्न विचारायचे. मागच्या वेळी ठरलेलं कोणतं काम झालं? झालं नाही ते कोणामुळे अडलं? आणि पुढच्या वेळी याचं उत्तर कोण देणार? या तीन प्रश्नांना जो माणूस दर वेळी समोर येऊन उत्तर देईल, तो सिनेमातला असो की शेतातला, त्याला नेता म्हणायला माझी हरकत नाही.

मामा: मंग मी जुन्या शहरात कावडीच्या मंडळातले पोरं सोबत घेतो. त्याईले खांदा बदलाची सवय हाये. पहिलं पत्र मोर्णेत येनाऱ्या नाल्याईबद्दल देतो. तू अमरावतीत तुझ्या प्रभागात माग. उत्तर आलं नाई तर पुन्हा मागू, अन् या वेयी आपन मागतो हे सगया शहराले दिसन असं मागू.